एकाच चिकणमातीची सीईसी दर वेळी वेगळी येते, तेव्हा कुठे पाहावे

तक्रार जवळजवळ नेहमी सारखीच असते. बेंटोनाइटचा, म्हणजे मुख्यतः स्मेक्टाइट गटातल्या खनिजांच्या मातीचा, डबा तोच, माणूसही तोच, तरी धन-आयन विनिमय क्षमता (माती धरून ठेवते आणि अदलाबदल करू देते त्या धन आयनांचे माप), म्हणजे सीईसी, एकदा ७२ येते, पुढच्या खेपेला ८४, आणि दुसऱ्या प्रयोगशाळेतून ९५ असे उत्तर येते. (या लेखातले सीईसीचे सगळे आकडे मिलिइक्विव्हॅलंट प्रति १०० ग्रॅम, सेंटिमोल प्रति किलो म्हटले तरी आकडा तोच राहतो.) मग सरासरी काढून काम पुढे ढकलले जाते. सरासरी काढू नका. या तीन आकड्यांत बहुधा तीन वेगळ्या गोष्टी मोजल्या गेल्या आहेत, आणि सरासरीत त्या तिन्ही कायमच्या बुजतात.

आधी फरकाचा स्वभाव पाहा. एकाच बॅचमधल्या नळ्यांचे आकडे आपापसांत पांगलेले असतील तर दोष हाताळणीत आहे: धुणे, गाळ वाहून जाणे, वजन. बॅचमधले आकडे एकमेकांना धरून आहेत पण दोन बॅचमध्ये अंतर पडते, तर ओलावा, द्रावणाची तीव्रता, पीएच किंवा ब्लँक (माती न घालता चालवलेली नळी) तपासा. दोन पद्धतींमध्ये मात्र कायम एकाच दिशेने फरक पडत असेल, तर कदाचित कोणाचेच काही चुकलेले नाही. त्या खनिजाचा प्रभार दोन द्रावणांना खरोखरच वेगवेगळा दिसतो आहे.

प्रभार कुठे आहे ते आधी ठरवा

माँटमोरिलोनाइट हे स्मेक्टाइट गटातले खनिज. त्याच्या थरात मधल्या अष्टफलकी पत्र्यात काही ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेले असते. तीन धन प्रभारांच्या जागी दोनच आले, म्हणून थरावर एक ऋण प्रभार उरतो. वरच्या-खालच्या चतुष्फलकी पत्र्यांत सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम आले तरी तेच घडते. हा प्रभार खनिज घडतानाच ठरतो. द्रावणाचा पीएच बदलला म्हणून तो कमी-जास्त होत नाही. तो फेडण्यासाठी थरांच्या मध्ये सोडियम, कॅल्शियम असे आयन येऊन राहतात, आणि आपण अदलाबदल करतो ती मुख्यतः त्यांचीच.

दुसरा प्रभार कडांवर असतो. थर जिथे तुटतो तिथे ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनला चिकटलेले हायड्रॉक्सिल गट उघडे पडतात. आम्लात ते प्रोटॉन घेतात आणि कडा धन होऊ शकते, अल्कात प्रोटॉन सोडतात आणि कडा ऋण होते. केओलिनाइटची बरीचशी क्षमता याच प्रकारची आहे. लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा तर सगळाच प्रभार असा पीएचवर हलणारा.

सर्वसाधारण पल्ले असे: स्मेक्टाइट ८० ते १२०, व्हर्मिक्युलाइट १०० ते १५०, इलाइट १० ते ४०, केओलिनाइट ३ ते १५. तुमचा आकडा यात बसला म्हणून तो बरोबर आहे असे नव्हे. पल्ले इतके ऐसपैस आहेत की २० टक्क्यांची चूकही त्यांत आरामात मावते.

ओलावा: सर्वात स्वस्त तपासणी

हवेत वाळवलेल्या स्मेक्टाइटमध्ये १० ते १५ टक्के पाणी सहज असते, आणि ते खोलीतल्या दमटपणाप्रमाणे बदलत राहते. समजा, तुम्ही हवेत वाळलेल्या वजनावर ९० आकडा काढला आणि त्यात १२ टक्के पाणी होते. ९० भागिले ०.८८, म्हणजे १०५ अंश सेल्सिअसला वाळवलेल्या वजनावर तोच आकडा १०२ होतो. दोन प्रयोगशाळांमधली पुष्कळ भांडणे या एका भागाकारात मिटतात. सीईसीसाठी माती तोलायची त्याच वेळी ओलाव्यासाठी वेगळा नमुना तोला. गेल्या महिन्यातला ओलाव्याचा आकडा वापरू नका. आणि सीईसीचा नमुना स्वतः भट्टीत वाळवून घेऊ नका. कोरड्या पडलेल्या थरांच्या मध्ये आयन पुन्हा शिरायला वेळ लागतो, आणि पोटॅशियम असेल तर काही थर पुन्हा उघडतच नाहीत.

धुणे: इथे सर्वाधिक आकडे बिघडतात

अमोनियम ॲसिटेटच्या पद्धतीत माती आधी १ मोलर, पीएच ७ च्या द्रावणाने संपृक्त करतात, जास्तीचे मीठ अल्कोहोलने धुतात, मग अडकलेले अमोनियम दुसऱ्या मिठाने बाहेर काढून मोजतात. कागदावर हे सरळ दिसते. नळी हातात घेऊन पाहिले की अडचण कळते. सेंट्रिफ्यूज थांबला, वरचे द्रावण ओतून टाकले, तळाशी राखाडी, बुळबुळीत गाळ उरला. तो गाळ कोरडा नाही. १ ग्रॅम मातीने समजा ३ मिलिलिटर द्रावण धरून ठेवले आहे. १ मोलर द्रावणाचे ३ मिलिलिटर म्हणजे ३ मिलिमोल अमोनियम, आणि सीईसीच्या भाषेत ते होतात ३००. मातीची स्वतःची क्षमता १००. आपल्याला जे मोजायचे त्याच्या तिप्पट माल नुसता ओलाव्यात बसलेला आहे.

आता ३० मिलिलिटर अल्कोहोल घालून नीट ढवळले आणि पुन्हा सेंट्रिफ्यूज केले, तर उरलेल्या ३ मिलिलिटरमधले मीठ अकरा पटींनी पातळ होते. ३०० चे २७ होतात. दुसऱ्या धुण्यानंतर २.५, तिसऱ्यानंतर ०.२. म्हणजे दोनदाच धुतले तर स्मेक्टाइटमध्ये अडीच टक्क्यांची चूक राहते, पण ज्या केओलिनाइटचा खरा आकडा ३ आहे त्याचा साडेपाच येतो. हे गणितही गाळ पूर्ण ढवळला गेला तरच खरे. तळाशी एक घट्ट गोळी तशीच राहिली तर तिच्या पोटात १ मोलर द्रावण जसेच्या तसे असते, आणि ज्या नळीत ती राहिली तिचाच आकडा उंच जातो. एकाच बॅचमध्ये एखादी नळी एकटीच वर गेलेली दिसली की मी सर्वात आधी हीच शंका घेते. काचेची कांडी घालून गाळ मोडा. नळी नुसती हलवून भागत नाही.

म्हणून जास्त धुवावे का? तेही नको. मीठ संपत आले की कण एकमेकांपासून सुटू लागतात. सोडियमने भरलेल्या स्मेक्टाइटमध्ये हे फार लवकर होते. नळी उजेडासमोर धरा. वरचे द्रावण किंचित दुधी दिसले तर ते ओतताना तुम्ही चिकणमातीच ओतून देत आहात, आणि तीही सर्वात बारीक, सर्वाधिक प्रभाराची. शिवाय शुद्ध पाण्याने धुतले तर थोडे सोडियम निघून त्या जागी पाण्यातला हायड्रोजन जातो आणि पुढच्या मोजणीत तेवढी तूट येते. धुण्याला अल्कोहोल वापरतात ते या दोन्ही कारणांनी.

या कात्रीतून सुटायचा एक रस्ता मला मनापासून आवडतो. शेवटचे धुणे शुद्ध द्रवाने न करता त्याच मिठाच्या ०.०१ मोलर द्रावणाने दोन-तीनदा करायचे आणि गाळासह नळी तोलायची. कोरड्या नळीचे आणि मातीचे वजन वजा केले की अडकलेल्या द्रावणाचे वजन मिळते. ३ मिलिलिटर असेल तर त्यातले मीठ सीईसीच्या भाषेत ३ होते, आणि ते सरळ वजा करायचे. वजनात ५ टक्के चूक झाली तरी उत्तरात ०.१५ चाच फरक पडतो. त्यात विनिमयाच्या जागांवर एकच आयन बसलेला असल्यामुळे द्रावण पातळ झाले तरी त्यांची वाटणी बदलत नाही. सोडियमच्या बाबतीत ०.०१ मोलरलाही कण सुटू शकतात, तेव्हा तिथे तीव्रता थोडी वाढवा किंवा बेरियमसारखा दुहेरी प्रभाराचा आयन घ्या.

बेरीज सीईसीपेक्षा जास्त येते

मातीतून बाहेर काढलेल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम यांची बेरीज १३० आणि सीईसी ९०: हे दिसले की नमुन्यात विरघळणारे काहीतरी आहे असे समजा. अमोनियमच्या मिठाचे पाणी मातीतून जाऊ दिले की खाली कॅल्शियमचे मीठ येते, हे थॉमस वे यांनी १८५० च्या सुमारास दाखवले. पण खाली आलेले प्रत्येक कॅल्शियम विनिमयातूनच आले असे नसते. १ ग्रॅम मातीत ५ टक्के कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेट) असेल तर ते ५० मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा मिलिमोल कॅल्शियम. सीईसीच्या भाषेत बरोबर १००. त्याचा एक दशांश जरी अमोनियम ॲसिटेटमध्ये विरघळला तरी बेरजेत १० ची भर पडते. जिप्समचे (कॅल्शियम सल्फेटचे) तर विचारूच नका. १ टक्का जिप्सम म्हणजे सुमारे ११.६, आणि ते पाण्यात लिटरला २ ग्रॅमहून अधिक विरघळत असल्याने सगळेच्या सगळे द्रावणात येते.

चूक दोन्ही दिशांनी होते हे लक्षात घ्या. बेरीज वाढते, आणि त्याच वेळी अमोनियमवरून काढलेली सीईसी घटू शकते, कारण विरघळलेले कॅल्शियम जागांसाठी अमोनियमशी झगडते आणि दुहेरी प्रभारामुळे चिवटपणे बसते. बेरियम क्लोराइड वापरत असाल तर जिप्सममधले सल्फेट बेरियमला घेऊन अविद्राव्य क्षार बनून खाली बसते. द्रावणातले बेरियम कमी झाले म्हणजे ते विनिमयात गेले, असा हिशेब धरणाऱ्याची सीईसी तेवढी फुगते.

उपाय नमुन्यावर ठरवा. कॅल्साइट असेल तर पीएच ८.२ चे सोडियम ॲसिटेट, कारण त्या पीएचला कॅल्साइट कमी विरघळते. किंवा विनिमयाचे द्रावण आधीच कॅल्साइटने संपृक्त करून घ्यायचे, म्हणजे नमुन्यातल्या कॅल्साइटला विरघळायला वावच राहत नाही. डोर्मान आणि काउफहोल्ड यांनी तांब्याच्या ट्राएन संयुगासाठी (ते पुढे येते) २००९ मध्ये ही वाट सुचवली, आणि चुनखडी असलेल्या बेंटोनाइटसाठी ती सर्वात नीट वाटते. जिप्सम असेल तर आधी पाण्याने काढून टाका आणि धुण्यात सल्फेट दिसेनासे होईपर्यंत थांबा. आम्ल घालून कॅल्साइट उडवण्याचा मोह टाळा. आम्लाने थरांच्या कडा झिजतात, ॲल्युमिनियम सुटते आणि तेच विनिमयाच्या जागांवर येऊन बसते. ज्याला आपण हायड्रोजन-माती म्हणतो ती ठेवल्या ठेवल्या ॲल्युमिनियम-माती होते.

अमोनियमने कमी, मॅग्नेशियमने जास्त

हा फरक ठळक आणि एकाच दिशेचा असेल तर नमुन्यात व्हर्मिक्युलाइट आहे का ते पाहा. त्याच्या थरांवर प्रभार जास्त आणि तोही बराचसा चतुष्फलकी पत्र्यांत, म्हणजे पृष्ठभागाला अगदी खेटून. त्या पृष्ठभागावर ऑक्सिजनच्या कड्यांमध्ये जे खळगे असतात त्यांत पोटॅशियम आणि अमोनियम नेमके बसतात. दोन्ही आयन आपल्याभोवतीचे पाणी सहज सोडतात. पाणी गेले की थर एकमेकांवर बसतात, अंतर १४ अँगस्ट्रॉमवरून १० वर येते आणि आयन आत कोंडला जातो.

मग अमोनियम बाहेर काढायला पोटॅशियम क्लोराइड वापरणे म्हणजे दार बाहेरूनही लावून घेणे. कडांजवळ पोटॅशियम बसले की आतले अमोनियम निघायला वाटच उरत नाही. आत गेलेले बाहेर आले नाही, म्हणून सीईसी कमी दिसते. अशा नमुन्याला मॅग्नेशियम किंवा बेरियमसारखा भरपूर पाणी धरणारा आयन घ्या. खात्रीसाठी क्ष-किरण विवर्तन करा, त्यातून थरांमधले अंतर कळते: मॅग्नेशियमने भरलेला नमुना १४ अँगस्ट्रॉम दाखवतो आणि पोटॅशियमने भरल्यावर १० कडे सरकतो, तर व्हर्मिक्युलाइट आहे. ग्लायकॉलच्या वाफेत जे १७ पर्यंत फुगते ते स्मेक्टाइट.

लिथियमबद्दल एक इशारा. लिथियमने भरलेली माँटमोरिलोनाइट २०० ते ३०० अंशांना तापवली तर हा छोटा आयन थरातच शिरून रिकाम्या अष्टफलकी जागांकडे जातो आणि प्रभार आतूनच फेडला जातो. हॉफमान आणि क्लेमेन यांनी हे १९५० मध्ये दाखवले. प्रभार मुद्दाम घटवायला हे उपयोगी आहे, पण असा नमुना चुकून सीईसीला आला तर आकडा कोसळलेला दिसेल आणि पद्धतीत काहीच दोष सापडणार नाही.

शेताच्या पीएचला एक, बाटलीतल्या पीएचला दुसरी

ऑक्साइडांनी भरलेली, झिजलेली, आम्लधर्मी माती घ्या. तिचा स्वतःचा पीएच ४.८. तिला पीएच ७ च्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) टाकले की केओलिनाइटच्या कडा आणि ऑक्साइडांचे पृष्ठभाग प्रोटॉन सोडतात, नवा ऋण प्रभार तयार होतो आणि तोही मोजला जातो. आकडा खोटा नाही, पण तो त्या मातीच्या रोजच्या स्थितीचाही नाही. सेंद्रिय पदार्थ असेल तर ही वाढ आणखी मोठी, कारण त्याचाही प्रभार पीएचबरोबर चढतो.

इथे बफर नसलेले बेरियम क्लोराइड किंवा कोबाल्ट हेक्झामिन (कोबाल्टचे रंगीत संयुग) वापरा आणि शेवटी नळीतल्या द्रावणाचा पीएच मोजून लिहून ठेवा. मिठाची तीव्रताही तितकीच महत्त्वाची. पीएचवर हलणारा प्रभार मिठाची तीव्रता वाढली की वाढतो, म्हणून १ मोलर आणि ०.०१ मोलर द्रावणांत अशा मातीचे उत्तर वेगळेच येणार. थरांतला कायमचा प्रभार तसा हलत नाही. त्यामुळे दोन तीव्रतांना मोजून फरक पाहिला तर मातीत कोणत्या जातीचा प्रभार जास्त आहे याचा अंदाज येतो.

याहून सोपी परीक्षा पीएच मीटरवर होते. तीच माती एकदा पाण्यात आणि एकदा १ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ढवळून पीएच घ्या. क्लोराइडमधला पीएच खाली आला तर पृष्ठभागावर निव्वळ ऋण प्रभार आहे. तो वर गेला तर निव्वळ धन आहे. मग त्या मातीची धन-आयन क्षमता मोजण्याबरोबर ऋण-आयनांचीही मोजावी लागेल. नायट्रेट धरून ठेवणाऱ्या माती याच.

रंगीत संयुगांच्या पद्धतीत

तांब्याचे ट्राएन संयुग किंवा कोबाल्ट हेक्झामिन एकाच टप्प्यात काम करते. रंगीत आयन मातीत जातो, द्रावणाचा रंग उतरतो, जितका उतरला तितकी सीईसी. पद्धत चांगली आहे, पण ती दोन ठिकाणी फसवते.

पहिले, वरची मर्यादा. ०.०१ मोलर तांब्याचे द्रावण १० मिलिलिटर घेतले तर त्यात ०.२ मिलिइक्विव्हॅलंट आहे. माती ०.२ ग्रॅम आणि तिची क्षमता १०० असेल तर तीही ०.२ च मागते. म्हणजे १०० च्या वर आकडा येऊच शकत नाही, आणि त्याच्या जवळ पोहोचतानाच तो दबू लागतो, कारण शेवटच्या जागा भरायला द्रावणात थोडा तरी आयन शिल्लक लागतो. वेगवेगळे चांगले बेंटोनाइट सगळे ९५ च्या आसपास येऊन थबकत असतील तर हेच कारण. माती निम्मी करून पुन्हा मोजा. प्रतिग्रॅम आकडा वाढला तर आधीचा दबलेला होता.

दुसरे, खालची मर्यादा. त्याच ०.२ ग्रॅम केओलिनाइटची सीईसी ३ असेल तर रंग फक्त ३ टक्के उतरतो. वाचनात १ टक्का चूक म्हणजे उत्तरात पूर्ण १ चा फरक, ३ चे २ किंवा ४. अशा मातीचे वजन दहापट घ्या. आणि द्रावण नितळ आहे याची खात्री करा. तरंगणारे बारीक कण प्रकाश अडवतात, यंत्र त्यांना उरलेला रंग समजून मोजते आणि सीईसी कमी दाखवते. केओलिनाइटचा आकडा शून्याखाली गेला तर बहुधा गढूळपणाच कारणीभूत असतो.

पूर्वप्रक्रियेबद्दल थोडक्यात: लोहाचे ऑक्साइड काढायला डायथायोनाइट हे क्षपणक वापरले असेल तर स्मेक्टाइटच्या थरांतले तीन प्रभारांचे लोहही दोन प्रभारांचे होते आणि थराचा ऋण प्रभार वाढतो. हवेत ठेवल्यावर तो बराचसा उतरतो. म्हणून असा नमुना सोमवारी आणि शुक्रवारी वेगळा आकडा देऊ शकतो.

प्रत्येक बॅचमध्ये दोन संदर्भ माती

क्ले मिनरल्स सोसायटीच्या स्रोत-मातींपैकी वायोमिंगची माँटमोरिलोनाइट एसडब्ल्यूवाय-१ साठी ७६ च्या आसपास आणि जॉर्जियाची केओलिनाइट केजीए-१ साठी २ च्या आसपास असे आकडे प्रसिद्ध आहेत. त्याच मिळायला हव्यात असे नाही. तुमच्याकडच्या एका स्मेक्टाइटचा आणि एका केओलिनाइटचा मोठा डबा बाजूला काढून नीट मोजून ठेवला तरी चालेल. महत्त्वाचे हे की एक उंच आकड्याची आणि एक ठेंगण्या आकड्याची अशी जोडी दर बॅचमध्ये असावी, कारण बिघाड ओळखता येतो तो या जोडीमुळेच.

दोन्हींचे आकडे सारख्याच मापाने वर गेले, समजा ७६ चे ७९ आणि २ चे ५, तर कुठूनतरी ठरावीक भर पडते आहे: अपुरे धुणे किंवा ब्लँक. दोन्ही सारख्याच टक्केवारीने सरकले तर प्रमाण द्रावणाची तीव्रता चुकली आहे. फक्त स्मेक्टाइट सरकली आणि केओलिनाइट जागेवर राहिली तर ओलाव्याचा आकडा आणि रंगीत द्रावणाचे प्रमाण पुन्हा पाहा. केओलिनाइट टक्केवारीत खूप हलली आणि स्मेक्टाइट जवळजवळ स्थिर, तर बफरचा पीएच मोजा. आणि निकाल पाठवताना आकड्याशेजारी कोणता आयन, कोणता पीएच, मिठाची तीव्रता किती आणि वजन कोरडे की हवेत वाळलेले, हे लिहा, म्हणजे ९५ सांगणाऱ्या दुसऱ्या प्रयोगशाळेला तिच्या वहीत नेमके काय शोधायचे ते कळेल.